पर्यावरणाचं अर्थशास्त्र: नागपुरात एम.ए. करताना हा पेपर कसा अभ्यासावा

एम.ए. अर्थशास्त्राला पर्यावरणाचा पेपर बरेच जण 'सोपा आहे, गणित नाही' असं ऐकून घेतात. मग उत्तरपत्रिकेत नाग नदी किती घाण झाली, जंगल किती तुटलं, ओझोनचा थर कसा विरळ झाला यावर पानंच्या पानं लिहितात आणि गुण का कापले म्हणून चक्रावतात. परीक्षकाला प्रदूषणाचं वर्णन नको असतं. घाण करणाऱ्याचा किती खर्च वाचला, ती सोसणाऱ्याचं किती नुकसान झालं आणि या दोन आकड्यांचा मेळ बाजाराला का घालता आला नाही, हे त्याला हवं असतं. या पेपरात निबंध लिहिणारा मागे पडतो आणि आकडेमोड करणारा पुढे जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून पेन्सिल, पट्टी आणि आलेखाची वही सोबत ठेवा.

पेपर निवडण्याआधी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात असा किंवा संलग्न महाविद्यालयात, वैकल्पिक पेपर यादीत छापलेला असणं वेगळं आणि तो प्रत्यक्ष शिकवला जाणं वेगळं. विद्यार्थी कमी असले की महाविद्यालय एकच वैकल्पिक पेपर चालवतं. तेव्हा प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन मागच्या दोन वर्षांत हा पेपर खरोखर शिकवला का आणि कोणी शिकवला, एवढं विचारून घ्या. अभ्यासक्रमाची पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि ती चालू वर्षाचीच आहे ना, हे पाहा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर रचना बदलली आहे, त्यामुळे सीनियरांच्या जुन्या नोट्समधली घटकांची विभागणी जुळेलच असं नाही.

पूर्ण पदवीच या विषयात हवी असेल तर चेन्नईचं मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि दिल्लीचं टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज या दोन ठिकाणांची नावं आधी पाहावीत. नागपुरात राहून करणार असाल तरी बिघडत नाही, कारण या विषयाला लागणारा कच्चा माल इथे चहूबाजूंना पडलेला आहे. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी, पेंचचं पाणी आणि जंगल, भांडेवाडीचा कचरा, पूर्व विदर्भातले मामा (माजी मालगुजारी) तलाव, सगळं दिवसभरात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.

नीरी, म्हणजे नागपुरातली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, हिच्याबद्दल एक गैरसमज असतो. 1958 मध्ये सुरू झालेली आणि 1974 पासून नीरी या नावाने ओळखली जाणारी ही संस्था मुख्यतः अभियांत्रिकी आणि विज्ञानाची. 'मला प्रबंधाला विषय द्या' म्हणून तिथे गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. 'सांडपाण्यातला बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) अमुक पातळीपर्यंत उतरवायला कोणत्या प्रक्रिया लागतात आणि खर्च कशाकशावर होतो' असा नेमका तांत्रिक प्रश्न घेऊन, विभागप्रमुखांच्या पत्रासह जा.

पहिले तीन आठवडे: फक्त सूक्ष्म अर्थशास्त्र

बाह्यता (एकाच्या कृतीचा तिसऱ्यावर पडणारा, किमतीत न धरलेला परिणाम), सार्वजनिक वस्तू, उपभोक्त्याचं संतोषाधिक्य, सीमांत खर्च (आणखी एका नगासाठी येणारा जादा खर्च) आणि समसीमांत तत्त्व पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. गणितात साधं अवकलन, त्रिकोणाचं क्षेत्रफळ आणि लग्रांज पद्धत येणं पुरेसं आहे. त्यानंतर खालचं उदाहरण न बघता सोडवता येईपर्यंत सोडवा. निम्मा अभ्यासक्रम त्यात मावतो.

समजा अ आणि ब असे दोन कारखाने आहेत. प्रत्येकातून महिन्याला 40 टन धूळ बाहेर पडते, एकूण 80 टन. मर्यादा 50 टनांची आहे, म्हणजे 30 टन कपात हवी. कपातीचा सीमांत खर्च अ साठी 2क आणि ब साठी 4क हजार रुपये. इथे 'क' म्हणजे त्या कारखान्याने केलेली कपात, टनांत.

दोघांना सारखा नियम लावला तर प्रत्येकी 15 टन कपात. खर्च म्हणजे सीमांत खर्चाच्या रेषेखालचा त्रिकोण. अ चा 15 × 30 ÷ 2 = 225 हजार, ब चा 15 × 60 ÷ 2 = 450 हजार. एकूण 6.75 लाख.

आता दोघांचा सीमांत खर्च समान करा. अ ने 20 टन आणि ब ने 10 टन कपात केली की दोघांचा सीमांत खर्च 40 हजार होतो. अ चा खर्च 20 × 40 ÷ 2 = 400 हजार, ब चा 10 × 40 ÷ 2 = 200 हजार. एकूण 6 लाख. हवा तेवढीच स्वच्छ झाली आणि 75 हजार वाचले.

हीच विभागणी टनाला 40 हजारांच्या कराने आपोआप होते. उरलेल्या 50 टनांवर सरकारला 20 लाख मिळतात. मात्र हे 20 लाख समाजाचा खर्च नाहीत, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली रक्कम आहे. इथे घसरणारे पुष्कळ.

कराऐवजी प्रत्येकी 25 टनांचे परवाने फुकट वाटले आणि खरेदी-विक्रीला मोकळीक दिली तर अ 5 परवाने ब ला 40 हजारांना विकेल. अ ला 4 लाख खर्च आणि 2 लाखांची मिळकत, म्हणजे निव्वळ 2 लाख. सारख्या नियमात त्याला 2.25 लाख लागले असते. ब ला कपातीचे 2 लाख आणि परवान्यांचे 2 लाख, एकूण 4 लाख, एरवी 4.5 लाख गेले असते. दोघंही फायद्यात, आणि दोघांचा फायदा मिळून तेच 75 हजार.

चुका ठरलेल्या असतात. त्रिकोणाऐवजी आयत मोजून खर्च दुप्पट दाखवणं ही पहिली. आडव्या अक्षावर उत्सर्जन आहे की कपात, हे न लिहिणं ही दुसरी. अक्षावर कपात असेल तर सीमांत खर्चाची रेषा वर चढते, उत्सर्जन असेल तर उजवीकडे खाली उतरते. अक्षाला नाव नसलेली आकृती परीक्षक चूकच धरतो, आणि त्याचं बरोबर आहे.

उदाहरणं देताना सगळी अमेरिकेचीच देऊ नका. सुरतेत 2019 मध्ये कारखान्यांच्या धुळीसाठी परवान्यांचा बाजार सुरू झाला, त्याचा उल्लेख करा. कोळशावरचा उपकर हे दुसरं उदाहरण. 2010 मध्ये टनाला 50 रुपयांपासून सुरू होऊन 2016 मध्ये तो 400 रुपयांवर गेला आणि 2017 मध्ये जीएसटी भरपाई उपकरात मिसळला; 2025 मध्ये कोळशावरचा हा उपकर बंद झाला. हा पिगूचा कर, म्हणजे प्रदूषणाच्या नुकसानीएवढा प्रदूषकावर लावलेला कर, म्हणायचा का? उत्तरात इथेच थोडं थांबा. उपकर टनावर होता, धुरावर नव्हता. चिमणीला चांगलं धूळ-रोधक यंत्र बसवलेल्या केंद्रालाही तेवढाच आणि न बसवलेल्यालाही तेवढाच. म्हणजे कोळसा कमी जाळायला थोडं प्रोत्साहन मिळायचं, यंत्र बसवायला काहीच नाही. असे चार ओळींचे युक्तिवाद उत्तराला वजन देतात. फक्त दर पाठ करून ते येत नाही.

कोझ समजून घ्यायला गोसीखुर्द

रोनाल्ड कोझचा 1960 चा सिद्धांत मुलं एका वाक्यात पाठ करतात: मालकी हक्क स्पष्ट असले आणि वाटाघाटीचा खर्च शून्य असला की दोन्ही पक्ष आपसात कार्यक्षम तोडगा काढतात. तो लागू पडत नाही कधी, हे लिहायला आपल्याकडे उदाहरण तयार आहे. शहराचं सांडपाणी नाग नदीत, तिथून कन्हानेत, कन्हानेतून वैनगंगेत आणि शेवटी पवनीजवळच्या गोसीखुर्द जलाशयात जातं. एका टोकाला लाखो घरं, दुसऱ्या टोकाला ढिवर मच्छीमार आणि काठावरची गावं. कोणाच्या घरातलं किती पाणी कोणाच्या जाळ्यापर्यंत पोचलं, हे सिद्ध करणार कोण? वाटाघाटीला बसणार कोण? स्वच्छ पाण्यावरचा हक्क कोणाचा? या तीन प्रश्नांवर तीन परिच्छेद लिहा, आणि मग कर, मानक किंवा शुद्धीकरण प्रकल्प यांपैकी काय परवडेल यावर या.

याच पाण्याचा दुसरा प्रश्न खर्च-लाभ विश्लेषणासाठी छान आहे. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी महानिर्मितीच्या वीज केंद्रांना दिलं जातं, त्यामुळे तेवढं पेंचचं पाणी मोकळं होतं. लाभ मोजताना महापालिकेला मिळालेले पैसे आणि वाचलेल्या ताज्या पाण्याची किंमत, दोन्ही जमेला धरली की एकच लाभ दोनदा मोजला जातो. महापालिकेला आलेले पैसे महानिर्मितीने दिलेलेच असतात. समाजाच्या दृष्टीने खरा लाभ वाचलेल्या पाण्याचा, अधिक नदीत कमी गेलेल्या घाणीचा.

वटाव दर

पुढच्या काळातल्या रकमेची आजची किंमत काढायला लावतात तो दर म्हणजे वटाव दर. हा भाग वाचून कळत नाही, कॅल्क्युलेटरवर कळतो. आजपासून 50 वर्षांनी होणारं एक कोटीचं नुकसान आज किती? दर 3 टक्के धरला तर सुमारे 22.8 लाख, 8 टक्के धरला तर 2.13 लाख, 12 टक्के धरला तर जेमतेम 35 हजार. प्रकल्पाचा निकाल अनेकदा या एका आकड्यावर फिरतो. म्हणून प्रबंधात एकच दर लावून थांबू नका, निदान तीन दरांनी तक्ता करा.

दर कुठून येतो, हे रॅम्सेच्या सूत्रातून दाखवा: काळाविषयीची निव्वळ अधीरता, अधिक उपभोगाच्या सीमांत उपयोगितेची लवचिकता गुणिले वाढीचा दर. निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलावरच्या 2006 च्या अहवालात हे 0.1 + (1 × 1.3) = 1.4 टक्के येतं. विल्यम नॉर्डहाउस यांनी याहून बराच वरचा दर धरला आणि त्यामुळे आज किती कपात करावी याचं त्यांचं उत्तर सौम्य आलं. मतभेद हवामानशास्त्राचा कमी आणि या बेरजेतल्या पहिल्या दोन आकड्यांचा जास्त आहे.

भारतीय उदाहरण हवं असेल तर वनजमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य घ्या. जंगल खाणीला किंवा रस्त्याला द्यायचं तर हेक्टरी रक्कम भरावी लागते. 2008 मध्ये ती जंगलाच्या प्रकार आणि घनतेनुसार 4.38 ते 10.43 लाख ठरली, 2022 मध्ये सुधारून सुमारे 9.58 ते 15.96 लाख झाली. रक्कम वनीकरणाच्या निधीत जाते. तेंदूपत्ता आणि मोह वेचणाऱ्या घराचं त्यात काय, हा प्रश्न उपस्थित करणारं उत्तर वेगळं उठून दिसतं.

सामायिक संसाधनं

सामायिक कुरण सगळ्यांच्या ओरबाडण्याने उजाड होतं असं मांडणारा हार्डिनचा 1968 चा लेख आणि गावं स्वतःचे नियम करून ते टिकवू शकतात हे दाखवणारी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची उत्तरं हा परीक्षेचा हमखास प्रश्न. ऑस्ट्रॉम यांची आठ तत्त्वं नुसती क्रमाने उतरवू नका, एका जागेला लावून दाखवा. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव घ्या: 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, गाळ काढण्याची, पाणी वाटण्याची जबाबदारी कोणाची, हे गावाच्या हातून सुटलं. त्याच्यासमोर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा ठेवा, ज्याला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आणि बांबू विकण्याचा निर्णय ग्रामसभेकडे आला. सीमा कोण ठरवतं, देखरेख कोण करतं, नियम मोडला तर दंड कोण लावतं, एवढ्या तीन निकषांवर तुलना केली तरी उत्तर भरतं.

प्रबंध: विषय लहान, फॉर्म नीट

'नागपूर शहरातील प्रदूषणाचा आर्थिक अभ्यास' हा विषय नाही. 'नाग नदीत न शुद्ध केलेलं सांडपाणी थांबवण्यासाठी नंदनवन भागातली कुटुंबं किती पैसे द्यायला तयार आहेत' हा विषय आहे. गाईडकडे जाताना एक पान न्या: प्रश्न, पद्धत, नमुना, माहिती कुठून, खर्च किती.

पद्धत निवडताना घरांच्या किमतींवरून मूल्य काढायचा मोह टाळा. भांडेवाडीजवळच्या घरांची किंमत दुर्गंधीमुळे किती कमी, हे शोधायला नोंदणीतल्या किमती घेतल्या तर त्या अनेकदा रेडी रेकनरच्या आसपास दाखवलेल्या असतात. खरा व्यवहार कागदावर नसतो. त्यापेक्षा भाडं विचारा. भाडं लोक खरं सांगतात. खोल्या, मजला, नळाला पाणी किती तास आणि कचरा डेपोपासूनचं अंतर या चार गोष्टी नोंदवून भाड्याच्या लॉगवर (लॉगरिदमवर) रिग्रेशन करा, म्हणजे प्रत्येक गोष्टीचा भाड्यावरचा परिणाम वेगळा काढा.

प्रवासखर्च पद्धतीसाठी (लोक तिथे यायला किती खर्च करतात त्यावरून जागेचं मूल्य काढायचं) पेंचचं सिल्लारी किंवा खुर्सापार गेट चालतं, पण वन विभागाची लेखी परवानगी आधी लागते आणि ती मिळायला वेळ जातो. पावसाळ्यात गाभा क्षेत्राची सफारी बंद असते, म्हणून ऑक्टोबरनंतरच बेत करा. जिप्सीचं भाडं गाडीमागे असतं, माणसामागे नाही. गाडीत किती जण होते हे न विचारल्यास प्रत्येकाच्या नावावर सगळं भाडं चढतं आणि मूल्य फुगतं. रामटेकचं दर्शन उरकून पेंचला आलेल्यांचा खर्च दोन ठिकाणांत वाटावा लागतो. 'आज आणखी कुठे गेलात किंवा जाणार?' हा प्रश्न फॉर्ममध्ये हवाच. वेळेची किंमत साधारणतः मजुरीच्या एक तृतीयांश धरतात. आणि गेटवर उभं राहून घेतलेल्या नमुन्यात वारंवार येणारेच जास्त सापडतात, घरी बसलेले कधीच नाहीत. हे प्रबंधात लिहा, त्यानुसार मॉडेल निवडा. भेटींची संख्या मोजायची असेल तर साधं रिग्रेशन नव्हे, मोजणीच्या आकड्यांसाठीचं पॉयसाँ मॉडेल.

विद्यार्थ्याला खर्चाच्या दृष्टीने सगळ्यांत जमणारी पद्धत म्हणजे थेट देण्याची तयारी विचारणं. एक्सॉन वाल्डेझच्या 1989 च्या तेलगळतीनंतर केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीने 1993 मध्ये तिचे नियम घालून दिले: समोरासमोर मुलाखत, 'किती द्याल' असं मोकळं न विचारता हो-नाही प्रश्न, आणि खिशाची आठवण, म्हणजे हे पैसे दुसऱ्या खर्चातूनच जाणार याची जाणीव. मराठीत प्रश्न असा घडवता येईल:

'नाग नदीत सांडपाणी शुद्ध न करता सोडणं पूर्ण थांबवण्यासाठी पुढची पाच वर्षं घरपट्टीत दरवर्षी ___ रुपये जादा लागले, तर तुमच्या घराचं मत बाजूने असेल की विरुद्ध? तेवढे पैसे दुसऱ्या घरखर्चातून कमी करावे लागतील, हे धरून सांगा.'

रिकाम्या जागी 100, 300, 600, 1000, 1500 असे पाच आकडे आणि प्रत्येक आकडा सुमारे 45 घरांना, चिठ्ठ्या टाकून. आधी 15 घरांत चाचणी घ्या. 1500 ला सगळे 'हो' म्हणाले तर वरचा आकडा वाढवा, 100 लाच सगळे 'नाही' म्हणाले तर प्रश्नच बदला. भाडेकरू घरपट्टी भरत नाहीत, हे ध्यानात असू द्या. भाडेकरूंच्या वस्तीत पाणीपट्टी किंवा वीजबिल हे माध्यम बरं.

दारात हमखास ऐकू येणारं उत्तर: 'काहून द्यायचे जी? टॅक्स भरतोच न आम्ही, महापालिका काय करते?' हा शून्य आहे, पण खरा शून्य नाही. नदी या माणसाला हवी आहे, फक्त महापालिकेवर भरवसा नाही. म्हणून प्रत्येक 'नाही' नंतर कारण विचारा आणि 'परवडत नाही', 'नदीशी देणंघेणं नाही' आणि 'पालिकेने करावं' असे वेगळे सांकेतिक अंक द्या. निषेधाचे शून्य धरून एकदा आणि वगळून एकदा, असे दोन्ही निकाल छापा.

विश्लेषण लॉजिटने (हो-नाही उत्तरांसाठीच्या मॉडेलने), आर किंवा ग्रेटल या फुकट सॉफ्टवेअरवर होतं. फक्त रक्कम हेच चल घेतलेल्या मॉडेलमध्ये स्थिरांक 1.2 आणि रकमेचा गुणक उणे 0.002 आला, तर सरासरी 1.2 ÷ 0.002 = 600 रुपये. गुणकाचं चिन्ह उणेच हवं. अधिक आलं तर कुठेतरी माशी शिंकली आहे: एक तर नोंदीत 'हो' आणि 'नाही' उलटे भरले गेले, नाहीतर घरमालकांनी तुम्हाला बरं वाटावं म्हणून मान डोलावली. शहरासाठी एकूण रक्कम काढताना 600 ला कुटुंबसंख्येने गुणा, लोकसंख्येने नव्हे. प्रश्न घराला विचारला होता.

दुय्यम माहिती

हवेसाठी शहरात सिव्हिल लाइन्स, रामनगर, महाल आणि अंबाझरीच्या स्वयंचलित केंद्रांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून उतरवता येतात. मधले तास रिकामे असतात. एक्सेलमध्ये ते शून्य भरले गेले की वार्षिक सरासरी खाली येते आणि हवा कागदावर शुद्ध होते. पीएम 2.5 चं वार्षिक मानक 40 आणि चोवीस तासांचं 60 मायक्रोग्रॅम आहे. दोन्हींची सरमिसळ करू नका. वीज केंद्रांचं उत्सर्जन आणि राखेची विल्हेवाट यासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे वार्षिक अहवाल, राज्याच्या आकड्यांसाठी आर्थिक पाहणी, शहरासाठी महापालिकेचा पर्यावरण स्थिती अहवाल.

नेट-सेट

अर्थशास्त्राच्या नेटला नववा घटक पर्यावरणाचं अर्थशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र असा जोडून आहे. सेटचा अभ्यासक्रम तोच. कोझ, भरपाईचे निकष, मूल्यमापनाच्या पद्धती आणि सार्वजनिक वस्तू एवढ्यावर मागचे पेपर सोडवा. कोणत्या पद्धतीत उपयोग-मूल्य मोजता येतं आणि कोणतीत अस्तित्व-मूल्यही (न वापरताही ती गोष्ट नुसती असण्याचं मूल्य), असा जोड्या लावायचा प्रश्न आला तर अस्तित्व-मूल्य फक्त विचारून काढायच्या पद्धतींतच येतं. प्रवासखर्चात आणि घरभाड्यात येत नाही.

क्षेत्रकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. मे महिन्यात दुपारी नागपुरात कोणी दार उघडत नाही, आणि उघडलंच तर फॉर्म अर्ध्यावर सोडतं. भरलेले मूळ फॉर्म क्रमांक टाकून गठ्ठ्यात बांधा आणि व्हायव्हाला सोबत न्या. बाहेरचा परीक्षक मधूनच एखादा फॉर्म उपसून त्यातली नोंद तुमच्या तक्त्यात कुठे आहे, ते दाखवायला सांगू शकतो.